आयतवाराचा खाडा

१.
१० जून १८९० हा मंगळवार होता. त्या दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने कामगारांची एक जुनी मागणी मान्य केली: गिरण्यांना दर रविवारी सुटी राहील. आज रविवार आपल्याला निसर्गनियमासारखा वाटतो. शनिवारनंतर तो आपोआप येतो, आपण सिनेमाची तिकिटे काढतो, जेवायला कुठे जायचे ते ठरवतो, घरातल्या लहानांना संग्रहालय दाखवून आणतो. आजचा धागा याच तीन गोष्टींविषयी आहे. मध्यंतरी एका रविवारी मी माझ्या आजीला घेऊन मुंबईच्या गिरणगावात एक संग्रहालय पाहिले, एके ठिकाणी जेवले आणि एक सिनेमा पाहिला. त्या दिवसाची हकिकत आणि त्या दिवसामागचा इतिहास, दोन्ही येथे एकत्र येतील. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२.
सात वारांचा आठवडा आपल्याकडे इंग्रजांनी आणलेला नाही. वार जुने आहेत. पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत, गावोगावचे बाजार वारांवर भरतात, देवांचे उपासही वारांवरच चालतात. रविवार हा खंडोबाचा वार. मात्र वार म्हणजे सुटी, असे समीकरण नव्हते. विश्रांती बांधलेली होती ती तिथीला. गवंडी आणि सुतार अमावास्येला हत्यारे खाली ठेवत, पाठशाळांना प्रतिपदा-अष्टमीला अनध्याय असे, बैलाच्या मानेवरचे जू पोळ्याला उतरे. ‘आदित्यवार’ या शब्दाचा घासून ‘आइतवार’ झाला, बोलीत ‘आयतवार’ झाला. माझी आजी रत्नागिरी जिल्ह्यातली. ती अजूनही आयतवारच म्हणते. तिच्या लहानपणी गावात आयतवार होता, पण त्या दिवशी कोणी काम थांबवत नसे.

३.
तिथीचे हे गणित वाफेच्या इंजिनाने मोडले. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. पुढच्या तीन दशकांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या पट्ट्यात धुराड्यांचे रान उभे राहिले. गिरणीत विजेचे दिवे अजून आलेले नव्हते, त्यामुळे कामाचे तास सूर्य ठरवीत असे. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. म्हणजे उन्हाळ्याचे दिवस मोठे, तर कामही मोठे. सणांच्या सुट्या मिळत, पण त्या गिरणीगणिक वेगळ्या असत. रविवारी यंत्रे थांबलीच, तर कामगारांना ती साफ करायला बोलावले जाई. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि त्यांना महिन्याला चार सुट्या दिल्या. सात वर्षांचे मूल कामावर असणे कायद्याला मान्य होते, हेही त्यातच आले. प्रौढांसाठी त्या कायद्यात कामाचे तासही नव्हते आणि सुटीही नव्हती.

४.
या ठिकाणी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव येते. जन्म १८४८, ठाण्याचा. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते. १८८० पासून ‘दीनबंधू’ हे पत्र त्यांनी मुंबईतून चालवले. १८८४ साली सरकारने कारखाना कायद्याच्या फेरविचारासाठी आयोग नेमला, तेव्हा सप्टेंबर महिन्यात लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा बोलावली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले. मागण्या मोजक्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत वेतन. आज ही यादी वाचताना जाणवते की, यातली एकही गोष्ट चैनीची नाही. दुपारी भाकरी खायला अर्धा तास, एवढीही गोष्ट लेखी मागावी लागत होती.

५.
निवेदनाला सहा वर्षे उत्तर मिळाले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. या सभेनंतर जूनमध्ये मालकांनी रविवार मान्य केला आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीला सरकारी आधार मिळाला. रविवारच का, या प्रश्नाला लोखंडे यांनी ‘हा आमच्या खंडोबाचा वार आहे’ असे उत्तर दिल्याचे सांगितले जाते. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असतच. साहेबाच्या प्रार्थनेचा वार आणि कामगाराच्या कुलदैवताचा वार एकच निघाला, आणि दोघांच्या देवांनी मिळून यंत्र थांबवले, असे गमतीने म्हणता येईल. लोखंडे यांना या रविवारांचा उपभोग फार काळ घेता आला नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा ते रुग्णांच्या सेवेत होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच साथीत त्यांचा अंत झाला.

६.
आता एका बारकाव्याकडे लक्ष वेधायचे आहे, कारण पुढचा सगळा धागा त्यावर उभा आहे. कामगारांनी मागितला होता तो ‘सातातला कोणताही एक दिवस’ नव्हे. त्यांनी रविवार मागितला होता. सगळ्यांचा एकच दिवस. थकलेल्या शरीराला मंगळवारही चालतो आणि गुरुवारही. पण सभेला जमायचे, भजनाला बसायचे, गावाकडून आलेल्या भावाला राणीचा बाग दाखवायचा, तर शेजाऱ्याचा आणि आपला वार एक असावा लागतो. विश्रांती एकट्याने घेता येते, सुटी मात्र सोबतीशिवाय साजरी होत नाही. गिरणगावातली भजनी मंडळे, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी, युनियनच्या सभा, हे सगळे या सामाईक दिवसाच्या अंगणात वाढले.

७.
आता आजीकडे वळतो. आजोबा लालबागजवळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आजी लग्न होऊन १९६५ च्या सुमारास चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आली आणि काही वर्षांतच तिने खानावळ सुरू केली. गिरणगावात हा व्यवसाय घरोघरी होता. कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाच वळकटीवर दिवसा एक आणि रात्री दुसरा झोपे. बायकामुले गावी. त्यांच्या जेवणाची सोय चाळीतल्या बायका करत. आजीकडे एका काळी बावीस जण जेवत होते. माझ्याकडे तिच्या खानावळीची एक वही आहे. आजीला लिहिता येत नव्हते, म्हणून ती वही शाळेत जाणाऱ्या माझ्या बाबांच्या अक्षरात आहे. एम. ए.च्या वर्गात ‘प्राथमिक साधन’ कशाला म्हणावे हे आम्ही शिकत होतो, तेव्हा मला सर्वांत आधी ही वही आठवली होती.

८.
आजीचा त्या रविवारचा पहिला मुक्काम होता भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आमच्या चाळीपासून चालत अर्ध्या तासावर असलेल्या या वास्तूत आजीने तोवर पाऊल ठेवले नव्हते. राणीच्या बागेत ती अनेकदा आली होती, गावाकडच्या पाहुण्यांना घेऊन. पाहुणे आत संग्रहालय बघत आणि आजी बाहेर बाकावर चपला, पिशव्या आणि लहान मुले सांभाळत बसे. हे संग्रहालय मुंबईतले सर्वांत जुने. १८६२ साली पायाभरणी, २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुले. मूळ नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेठ आणि जॉर्ज बर्डवूड ही त्याच्या उभारणीमागची प्रमुख नावे. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. या शतकाच्या आरंभी जीर्णोद्धार झाल्यावर त्याचे लोखंडी खांब आणि सोनेरी नक्षी पुन्हा उजळली आणि २००५ मध्ये युनेस्कोने या कामाचा गौरव केला.

९.
१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर वसाहतींमध्ये काय पिकते आणि काय घडवले जाते याचे नमुने मांडणारे संग्रह उभे राहू लागले. मुंबईच्या या संग्रहालयाचे मूळ त्यातच आहे. त्यामुळे तेथे राजांच्या तलवारींपेक्षा हातांच्या कामाचे दर्शन अधिक घडते: धातूची भांडी, हस्तिदंती आणि लाकडी काम, आणि मुंबईच्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा. निरनिराळ्या पगड्या, निरनिराळे पोशाख, निरनिराळे धंदे. आजी त्या कपाटांपाशी बराच वेळ थांबली. मग तिने मला विचारले, “ह्यांना जेवान कोन रांधत असंल गो?” मी संग्रहालयशास्त्रावर एक निबंध लिहिला आहे. त्यात वसाहतवादी दृष्टी, वर्गीकरण, प्रदर्शनाचे राजकारण असे सगळे आहे. आजीचा प्रश्न त्यात नाही. कारागीर घडवतो ती वस्तू कपाटात ठेवता येते. त्याला रोज दोन वेळा वाढलेले ताट मात्र संध्याकाळपर्यंत धुऊन पालथे घातलेले असते. अशा श्रमाचा नमुना कोणत्या कपाटात ठेवणार?

१०.
बाहेर आल्यावर तिला घारापुरीचा दगडी हत्ती दाखवला. पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, पण उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. त्याच्या अंगावरचे सांधे आजही दिसतात. आजीला हा हत्ती पाठ होता. ती बसायची तो बाक तेथून जवळच. तिने मला बाकाची जागा दाखवली. मी तिला आतले संग्रहालय दाखवले आणि तिने मला बाहेरचे दाखवले, असा तो सौदा बरोबरीत सुटला.

११.
दुपारी आम्ही लालबागला एका लहानशा मालवणी खानावळीत जेवलो. सुरमई, तिखले, सोलकढी, भाकरी. आजीने वाढणाऱ्या मुलाकडे तीनदा वळून पाहिले. बसून वाढून घेण्याची सवय नसलेल्या माणसाचे ते पाहणे होते. त्या संध्याकाळी मी वही पुन्हा उघडली. गिरणगावाच्या भाषेत एक शब्द आहे, ‘खाडा’. गिरणीत खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि गैरहजेरी म्हणजे पगारात कपात. खानावळीत खाडा म्हणजे न घेतलेले जेवण. तेवढे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा. एकच शब्द, पण एका ठिकाणी कामगाराचे नुकसान आणि दुसऱ्या ठिकाणी बचत. वहीत प्रत्येक नावापुढे तारखांची घरे आहेत आणि खाड्याच्या दिवशी फुली. रविवारच्या घरांत फुल्या जवळजवळ नाहीतच. कारण उघड आहे. रविवारी दुपारी मटण किंवा मोठी मासळी असे, गिरणी बंद असल्याने तिन्ही पाळ्यांचे लोक एकाच वेळी जेवायला येत, आणि चाळीच्या ओटीवर दोन पंगती बसत.

१२.
रविवार हा बावीस जणांचा सुटीचा दिवस होता, म्हणून तो आजीचा सर्वांत जड दिवस होता. पहाटे साडेतीनला उठून नळावर नंबर लावायचा, मसाला वाटायचा, पन्नास-साठ भाकऱ्या थापायच्या. रविवारी रात्री चूल बंद असे. त्या वेळी आठवड्याचे तांदूळ निवडून होत. मी तिला विचारले, तुझा खाडा कधी होता? ती म्हणाली, “माजा कदी खाडा झाला नाय.” बाबांच्या जन्माच्या वेळी शेजारणीने आठ दिवस चूल सांभाळली, तेवढेच. वहीत बावीस जणांची नावे आहेत आणि त्यांच्या अनुपस्थितीचीही नोंद आहे. जी रोज हजर होती तिचे नाव वहीत कोठेही नाही. महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या त्या दोन स्त्रियांचा विचार माझ्या मनात येतो तो येथे. त्यांनाही रविवार हवा होता. तो मिळाल्यावर त्या दिवशी त्यांच्या घरची चूल कोणी पेटवली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

१३.
१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हा संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. तो नुसता विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरण्याही. वहीत १९८२ च्या जानेवारीनंतर फुल्या नाहीत, पण पैशांच्या रकान्यात ‘बाकी’ हा शब्द ओळीने येतो. पगार नव्हता तरी आजीने जेवण थांबवले नाही. किराणावाल्याने तिला उधार दिले, तिने कामगारांना दिले. मग एकेक जण गावी गेला. काहींनी नंतर येऊन पैसे चुकते केले, बहुतेकांना ते जमले नाही. वहीत शेवटची नोंद सप्टेंबरची आहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले होते. सावकाराच्या व्याजातून सुटका व्हावी म्हणून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. ‘खानावळ चालवणे हेही काम आहे’, हे संघटित रूपात म्हटले गेले ते तेथे. आजी त्या मंडळात नव्हती. तिच्या मजल्यावरच्या दोघी होत्या, आणि त्या दर महिन्याच्या सभेला जात याचे आजीला अजून अप्रूप आहे.

१४.
आता सिनेमा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला तेव्हा तिकीट एक रुपया होते. साध्या गिरणी कामगाराचा महिन्याचा पगार तेव्हा दहा-पंधरा रुपयांच्या घरात असे; म्हणजे काही मिनिटांच्या हलत्या चित्रांसाठी दोन-तीन दिवसांची मजुरी. आठवड्याभरातच हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले आणि तेथे चार आण्यांचेही तिकीट निघाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. कारखान्याच्या घड्याळाने दिवसाचे तुकडे पाडले होते; सिनेमाला तसाच एक ठरलेला, मोकळा तुकडा हवा होता. नंतरच्या काळात लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात मराठी चित्रपटांना गिरणी कामगारांची गर्दी होई. नायगावच्या कामगारवस्तीत वाढलेल्या दादा कोंडके यांच्या चित्रपटांना तर हा सगळा परिसर आपलेच घर मानत असे.

१५.
आजोबा रविवारी संध्याकाळी भारतमाताला जात. परत आल्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजीला ते सिनेमाची गोष्ट सांगत, गाणी म्हणून दाखवत, मारामारीच्या वेळी उठून उभे राहत. आजीने चित्रपटगृहात पाहिलेले सिनेमे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी तिला अनेक सिनेमांच्या कथा तपशिलासह येतात. “मी त्ये आयकलेत,” ती म्हणते. चित्रपटाचा इतिहास लिहिताना तिकीटविक्रीचे आकडे पाहिले जातात. एका तिकिटावर दोघांनी सिनेमा पाहिला, याची नोंद कोणत्या आकड्यात येईल?

१६.
आम्ही त्या दिवशी सिनेमा पाहिला तो जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या एका बहुपडदा चित्रपटगृहात. अशी आवारे आता अनेक आहेत. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला आणि धुराडे तेवढे शोभेपुरते राहिले, हे त्यांतले सर्वांत परिचित उदाहरण. आम्ही गेलो त्या ठिकाणी माझी ताई खाद्यपदार्थांच्या काउंटरवर काम करते. तिची साप्ताहिक सुटी मंगळवारी. रविवारी तिला सुटी मिळण्याचा प्रश्नच येत नाही. आजीच्या खानावळीप्रमाणे तिचाही तो सर्वांत जड दिवस. मध्यंतरात काउंटरपाशी चार रांगा लागल्या होत्या. आजी रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा ताईने, टोपी आणि हातमोजे घातलेल्या ताईने, नेहमीच्या ठरावीक शब्दांत विचारले, “नमस्कार, काय घ्याल?” आजी म्हणाली, “तू जेवलीस काय?” मागच्या रांगेतले हसले. ताईही हसली, मान हलवून ‘नाही’ म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

१७.
कायद्याने या माणसांचा विचार केलेला नाही असे नाही. १९४२ साली केंद्रीय विधिमंडळाने साप्ताहिक सुट्यांचा एक कायदा केला. तो कोणासाठी होता, तर दुकाने, उपाहारगृहे आणि चित्रपट-नाट्यगृहे यांत काम करणाऱ्यांसाठी. म्हणजे इतरांचा रविवार ज्यांच्या जिवावर साजरा होतो, नेमक्या त्यांच्यासाठी. आठवड्यातून एक पूर्ण दिवस, पगार न कापता. मात्र तो लागू करणे राज्यांवर सोडलेले. १९४८ च्या कारखाना कायद्याचे ५२ वे कलम आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, हाच सुटीचा दिवस मानत असे. त्या दिवशी काम करवून घ्यायचेच असेल, तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुटी द्यावी लागे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आस्थापनांना वर्षाचे सर्व दिवस उघडे राहण्याची मुभा दिली आणि त्याच वेळी प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी बंधनकारक केली. दुकान बंद होत नाही, माणसे आळीपाळीने थांबतात.

१८.
हिशेब केला तर ताईचे काही गेलेले नाही. सातातला एक दिवस तिला मिळतो, आणि आजीला तोही मिळत नव्हता. हा फरक लहान नाही. तो कायद्याने आणि संघर्षाने घडलेला आहे, हे विसरता कामा नये. पण १८८४ च्या निवेदनातला बारकावा येथे पुन्हा समोर येतो. तेव्हा मागणी होती एका सामाईक दिवसाची. आज हाती उरतात ते चोवीस तास, ज्याचे त्याचे, वेगवेगळे. ताईच्या मंगळवारी बाबा कामावर असतात, मी वर्गात असते, तिच्या मैत्रिणी आपापल्या नोकरीत. ती दुपारभर झोपते, कपडे धुते, मोबाइलवर एखादी मालिका पाहते. तिला विश्रांती मिळते. सुटी मिळते का, हे मला सांगता येत नाही.

१९.
यावर ‘रविवारी सगळे बंद ठेवा’ हे उत्तर मी देणार नाही. तसे केले असते तर आजीने संग्रहालयही पाहिले नसते, बसून जेवणही केले नसते. संग्रहालय रविवारी उघडे होते, कारण तेथील कर्मचारी त्या दिवशी कामावर होते. त्यांचे दार बंद असते बुधवारी. सामाईक सुटीच्या पोटात हा पेच पहिल्यापासून आहे: एका माणसाचा रविवार दुसऱ्या माणसाच्या श्रमावर उभा राहतो. गिरणीच्या काळात ते श्रम चाळीच्या खोलीत, चुलीमागे होते, म्हणून दिसत नव्हते. आता ते काउंटरवर, दिव्यांखाली, नाव लिहिलेल्या बिल्ल्यासह उभे आहेत. दिसू लागले, हे एक पाऊल. त्यांची मोजणी व्हावी, त्यांना जेवायला अर्धा तास मिळतो का हे विचारले जावे, आणि महिन्यातून एखादा तरी रविवार त्यांच्या वाट्याला पाळीपाळीने यावा, एवढे तर मागता येईल. १८८४ च्या यादीतही दुपारच्या अर्ध्या तासाची मागणी होतीच.

२०.
इतिहासाच्या वर्गात आम्हाला शिकवतात की, दिनदर्शिका ही सत्तेची भाषा असते. ते खरे आहे. त्याच दिनदर्शिकेत कामगारांनी लढून लिहिलेली एक ओळ आहे, हेही खरे आहे, आणि ती ओळ म्हणजे लाल शाईतला रविवार. तो लाल रंग साडेपाच हजार सह्यांचा आहे, महालक्ष्मीच्या त्या दोन निनावी स्त्रियांच्या शब्दांचा आहे, आणि वहीत नाव नसलेल्या आजीच्या भाकऱ्यांचाही आहे. पुढच्या रविवारी सिनेमाचे तिकीट फाडणाऱ्या, ताट मांडणाऱ्या, संग्रहालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ‘तुमची सुटी कधी?’ एवढे विचारून पाहावे. उत्तरे नोंदवून ठेवावीत. पन्नास वर्षांनी कोणा विद्यार्थ्याला ती साधने म्हणून लागतील.

आमच्या घरी आता बाबांनी एका मंगळवारची रजा टाकली आहे. मी त्या दिवशी वर्गाला खाडा करणार आहे. संग्रहालय मंगळवारी उघडे असते, आणि ताईने ते अजून पाहिलेले नाही. या वेळी आजी दाखवणार आहे.